बोट पाण्यात घालण्याआधी ती परत कशी काढाल ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: राहायला कोल्हापूरला, आजोळ मालवणजवळ देवबागला. जुनी १६ फुटी फायबरची बोट, ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन आणि ट्रेलर असं सगळं एकत्र विकत घेतलंय. डिसेंबरच्या सुट्टीत कर्लीच्या खाडीत ती पहिल्यांदा उतरवायची आहे. रिव्हर्स घेताना ट्रेलर भलतीकडेच वळतो, त्यावर उपाय हवाय. आणि पहिल्याच दिवशी बायको-मुलांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जाऊन यावं का, हेही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जाऊ नका. पहिल्या दिवशी खाडीच्या मुखाबाहेर पडायचंच नाही, आणि मुलांना बोटीत घ्यायचं नाही. मुलं काठावर आजीजवळ बसून बघू देत. कारण पुढे येईलच.

मी या पट्ट्यात आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मशीनं दुरुस्त करतो, त्याला बावीस वर्षं झाली. दुरुस्त केलेलं मशीन पाण्यात चालवून बघितल्याशिवाय मालकाच्या ताब्यात देत नाही, त्यामुळे बोट उतरवणं आणि काढणं हे माझं आठवड्यातून तीन-चार वेळचं काम आहे. त्या अनुभवातून लिहितोय.

तुम्ही विचारताय बोट पाण्यात कशी घालायची. खरी अडचण ती परत काढण्याची आहे. उतारावरून खाली जाताना बोटीचं वजनच मदत करतं. वर येताना तेच वजन उलटं ओढतं, उतार ओला झालेला असतो, माणसं दमलेली असतात, वारा सुटलेला असतो आणि पाणी खाली गेलेलं असतं. मदतीसाठी मला जे फोन येतात ते दुपारी येतात, सकाळी नाही. म्हणून पहिला दिवस ठरवताना हिशोब शेवटाकडून करा. बोट किती वाजता ट्रेलरवर परत चढलेली हवी ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत उतरवायची वेळ काढा.

आजोळ देवबागचं आहे म्हणजे घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला तरी तिथीचा हिशोब येत असेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून दिवस तिथीवरून निवडा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

आता दिवस कोणता? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि खाडीत ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ कमी असते, नवख्याला ते बरं; पण भरती पहाटेच होऊन जाते आणि नीट उजाडून तयारी होईपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं. म्हणून मी नव्या माणसाला एकादशी किंवा द्वादशी सांगतो. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. साडेसातला बोट पाण्यात, दहाच्या आत परत ट्रेलरवर. डिसेंबरात त्या वेळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो खाडीत फारसा त्रास देत नाही. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि मग उताराशी बोट सरळ धरून ठेवणं दोन माणसांचंही काम राहत नाही. सकाळी खाडीवर धुकं असेल तर ते हटेपर्यंत थांबा.

भरती-सुकतीचं पाणी सारख्या वेगाने हलत नाही, हे बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतं. साधारण सहा तासांत पाणी उतरतं, त्याचे बारा हिस्से करा. पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी निघून जातं. भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा एक तास एवढ्या वेळात उतारावरची पातळी फार हलत नाही. तुमचं सगळं काम त्या अडीच तासांत बसवायचं.

आणि सुरुवात चढत्या पाण्यावरच करायची. मला शिकवणारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणायचे, "पाणी चढता हा तवसर भियाचा नाय." ट्रेलर रुतला, बोट वाळूवर टेकली, तरी चढतं पाणी तासाभरात ती उचलून देतं. उतरत्या पाण्यावर रुतलात तर सहा-आठ तासांची निश्चिंती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. भरतीला मशीन बंद पडलं तर ओढ तुम्हाला खाडीच्या आत, गावांकडे नेते. सुकतीला बंद पडलं तर तीच ओढ मुखाकडे नेते. तिथे वाळूचे दांडे आहेत, ते पावसाळ्यागणिक जागा बदलतात, आणि त्यांच्यावर लाट फुटत असते.

हे मी चुकून शिकलो. धंद्याला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. अमावास्येचा दुसरा दिवस, एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून दुपारी साडेतीनला आम्ही बोट उतरवायला घेतली. पाणी झपाट्याने उतरत होतं. ट्रेलर जितका मागे न्यावा तितकं पाणी आणखी पुढे पळायचं. पुरेसं पाणी मिळावं म्हणून मी ट्रेलर मागे, आणखी मागे घेत गेलो, आणि सिमेंटचा उतार जिथे संपत होता तिथून दोन्ही चाकं खाली पडली. खाली हातभर खड्डा होता. ट्रेलरचा आस सिमेंटच्या कडेवर आपटला आणि बोट तिरकी होऊन मशीनवर रेलली. सात वाजेपर्यंत सगळं चिखलात उघडं पडलं होतं. पाणी परत यायची वाट बघत आम्ही रात्री अकरापर्यंत बॅटऱ्या घेऊन तिथे बसलो, मग आठ जणांनी दोर लावून ट्रेलर वर काढला. आस वाकला होता, मशीनच्या पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, तडा गेला होता, आणि तो खर्च मी भरला. उताराचा शेवट कुठे आहे हे मी आधी एकदा सुकतीला येऊन बघितलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

म्हणून तुम्ही आदल्या दिवशी पूर्ण सुकतीला उतारावर जा. पायात चपला न घालता चाला, म्हणजे शेवाळ कुठून सुरू होतं ते पायालाच कळेल. भरतीच्या रेषेखाली बहुतेक सगळीकडे ते असतं. सिमेंट कुठे संपतं, पुढे वाळू आहे की चिखल की खड्डा, काठीने चाचपून बघा. त्या शेवटापासून दहा फूट अलीकडे बाजूच्या दगडावर चुन्याची ठळक, उंच खूण करा, पाणी भरल्यावरही दिसेल अशी. ट्रेलरची चाकं त्या खुणेपलीकडे न्यायची नाहीत.

ओढायला गाडी कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. अशी बोट, ७०-७५ किलोचं मशीन, पेट्रोल आणि ट्रेलर धरून सातशे-आठशे किलो होतात. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी असेल तर वर चढताना सगळा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळावर जागीच फिरतात. चारही चाकांवर ओढणारी गाडी असेल तर ठीक. नसेल तर गावातला ट्रॅक्टर सांगून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही, आमच्याकडे अर्ध्या बोटी ट्रॅक्टरनेच उतरतात.

कागदांचं थोडक्यात. बोटीची नोंदणी आणि चालवणाऱ्याचा परवाना लागतो. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा आहे आणि राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. जुनी बोट तुमच्या नावावर झाली आहे का आणि खाडीत चालवायला आणखी काय लागेल, हे बंदर कार्यालयात जाऊन आधी विचारा.

मशीन पहिल्यांदा उतारावर चालू करून बघायचं नाही. घरीच बघायचं. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या, मशीनचा पाय त्यात बुडेल असं गोड्या पाण्याने भरा आणि दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालवा. मशीनच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. ती जोरात आणि सलग हवी. थेंब-थेंब येत असेल किंवा येतच नसेल तर लगेच बंद करा. आत पाणी खेचणारा रबरी इम्पेलर असतो, वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये तो कडक होऊन त्याची पाती चिकटतात. जुनं मशीन घेतलंय ना, मग इम्पेलर न बघताच नवा टाका. खर्च किरकोळ आहे, त्याच्यापायी मशीन जाम झालं तर खर्च किरकोळ राहत नाही. आणि पाण्याबाहेर मशीन "नुसतं एकदा चालू करून" बघू नका, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो.

टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाणी साठतं. तेल बोटीच्या टू-स्ट्रोक मशीनचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं. मोटारसायकलचं टूटी तेल वापरू नका, ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तकात असेल तेच धरा. ५० ला १ असेल तर दहा लिटरला २०० मिली.

आता रिव्हर्स. मोकळ्या मैदानात दोन तास घालवा, पाण्याजवळ नको. स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा असतात तिथे, एकच हात ठेवा. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे जायला हवी तर हात डावीकडे न्या, उजवीकडे हवी तर उजवीकडे. वर हात धरला की डोक्यात उलटसुलट होतं, खाली धरला की होत नाही. हात इंचभरच हलवायचा, आणि ट्रेलर वळायला लागला रे लागला की परत मध्यावर आणायचा. तुमचा ट्रेलर "भलतीकडे" वळतो तो बहुधा याच कारणाने, वळण सुरू झाल्यावरही तुम्ही स्टिअरिंग तसंच धरून ठेवत असाल. कोन बिघडला तर मागे जात सुधारू नका. दहा फूट पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे या. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना माणसाच्या छातीइतक्या उंचीचे दोन पीव्हीसी पाइप उभे बांधा. पाण्याखाली गेलेला ट्रेलर गाडीतून दिसत नाही, पाइप दिसतात.

उतारावर पोचलात की लगेच खाली जाऊ नका. वर सपाटीला थांबा आणि तयारी तिथेच करा. मागचे पट्टे सोडा. नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, विंचचा (दोर गुंडाळून बोट ओढायच्या चक्राचा) हुक आणि साखळी मात्र सोडायची नाही, बोट पाण्यावर तरंगेपर्यंत ती राहू द्या. उतारावर मध्येच हुक सोडल्यामुळे सिमेंटवर घसरलेली बोट मी पाहिली आहे. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा. लांब पल्ल्यावरून आला असाल तर चाकांचे हब हाताला गरम लागतील, अर्धा तास निवू द्या. गरम बेअरिंग थंड पाण्यात बुडली की खारं पाणी आत ओढतात. नाळेला आणि मागच्या कोपऱ्याला असे दोन दोर बांधा. मशीन वर उचललेलं ठेवा.

आणि बुच. बोटीच्या मागच्या फळीला तळाशी पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बुच लावलंय का ते डोळ्यांनी बघू नका, हाताचं बोट लावून, पिळून बघा. बुच विसरून बोट उतरवणारे नवखेच असतात असं नाही. माझ्याकडे असा नेम आहे की बुच लावल्यावर मी ते मोठ्याने बोलतो आणि गाडी चालवणाऱ्यानेही मोठ्याने बोलायचं, त्याशिवाय गाडी रिव्हर्समध्ये जात नाही.

गाडीत फक्त चालवणारा. काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला. ट्रेलरचे हब बुडतील इतपत मागे या, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू तरंगायला लागली की थांबा. आता विंचचा हुक तसाच ठेवून पाच मिनिटं बोटीच्या तळाशी पाणी येतंय का ते बघा. जुन्या बोटीत हे फार गरजेचं आहे. तळ कोरडा असेल तर मशीन खाली घ्या, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा दाबून पेट्रोल भरा, चालू करा आणि पिचकारी बघा. पिचकारी नीट असेल तरच हुक सोडायचा, दोर हातात धरूनच.

पाण्यात गेल्यावर पहिला अर्धा तास हळूच. तुम्ही, आणि सोबत पोहता येणारा, शक्यतो गावातला एक माणूस. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट, बांधलेलं. किल स्विचची दोरी मनगटाला, ती ओढली गेली की मशीन बंद पडतं. उताराच्या समोरच न्यूट्रल, पुढे, मागे, पुन्हा न्यूट्रल असं पाच-सहा वेळा करा. गिअर नीट पडतो का, सोडल्यावर बोट किती लांब वाहत जाते, हे अंगवळणी पडू द्या. नांगर नाळेशी बांधून तयार हवा, पाणी चार मीटर असेल तर दोर पंचवीस-तीस मीटर. मशीन बंद पडल्यावर बोटीला नांगर हाच ब्रेक असतो. चालू करायच्या खटपटीत पाच मिनिटं घालवू नका, आधी नांगर टाका.

मग जरा वेग वाढवून बघायला हरकत नाही, पण मोकळ्या पाण्यात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली. ती स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवर होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. तिथे प्रशिक्षित माणसं होती. आपण नव्या हाताने जुनं मशीन तपासतोय, म्हणून आसपास एकही होडी नको. कर्लीत सकाळी लहान होड्या जाळी टाकून असतात, कडेच्या उथळ पाण्यात बायका मुळे आणि कालवं काढत असतात. तुमच्या बोटीची लाट त्यांच्या कमरेवर आदळते. त्यांच्याजवळून जाताना वेग अगदी माणसाच्या चालीइतका करा. जाळ्याचे बोये दिसले तर लांबून वळा. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमची तासभराची अडचण होते, पण त्या माणसाचं महिन्याचं नुकसान होतं.

पेट्रोलचा साधा नियम: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश टाकीत शिल्लक. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर घातलेले.

साडेनऊला परत या, अजून फिरावंसं वाटत असलं तरी. उताराकडे नेहमी ओढीच्या विरुद्ध दिशेने या, म्हणजे वेग कमी केला की बोट आपोआप थांबते. काढताना ट्रेलर उतरवतानापेक्षा थोडा कमी खोल ठेवा. जास्त खोल गेला तर बोट त्याच्यावर तरंगत राहते आणि ओढल्यावर वाकडी बसते. एक माणूस कमरेइतक्या पाण्यात नाळेचा दोर धरून, दुसरा मागच्या दोराने बोट सरळ ठेवतोय, आणि चढवायची विंचने. मशीनच्या जोरावर चढवू नका, पंख्याच्या पाण्याने उताराच्या टोकाची वाळू उडते आणि मी वर सांगितला तसला खड्डा असाच तयार होतो. हुक लागला की मशीन वर उचला, मगच गाडी हलवा. पहिल्या दिवशी हे उतरवणं-चढवणं लागोपाठ दोनदा केलंत तर फारच चांगलं, मग फिरणं पंधरा मिनिटंच झालं तरी चालेल. घरी गेल्यावर बुच काढा, पिंपात गोड्या पाण्यावर मशीन दहा मिनिटं चालवा, ट्रेलर आणि त्याची बेअरिंग धुवा.

किल्ल्याचं राहिलं. देवबागहून तिथे जायचं म्हणजे मुखावरचे दांडे ओलांडून उघड्या समुद्रात जाणं आलं, आणि किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. तिथल्या होड्या ठरलेल्या वाटेनेच आत-बाहेर करतात, ती वाट नकाशावर बघून कळत नाही. शिवाय तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे, कुठेही नांगर टाकता येत नाही. खाडीत पाच-सहा वेळा उतरवून-काढून झालं, मशीनने एकदाही दगा दिला नाही, की मग इथल्या एखाद्या तांडेलाला बरोबर घेऊन जा. मुलांनाही तेव्हा न्या.

आता तुम्ही एक करा. डिसेंबरातली द्वादशी कॅलेंडरात बघून ठेवा, आणि तोवर घरच्या कुणाला तरी पूर्ण सुकतीला उताराचा फोटो काढायला सांगा, पाण्याकडून वर बघत एक आणि वरून खाली बघत एक. गाडी कोणती आहे तेही लिहा. तो उतार तुमच्या गाडीला झेपेल की ट्रॅक्टर सांगावा लागेल, ते फोटो बघून सांगतो.